वणव्याची खबर आणि दोन पेन्सिल सेल

एप्रिलमध्ये नागपूरजवळच्या गोरेवाड्याच्या जंगलाकडे गेलात, तर सागाची वाळकी पानं पायाखाली पापडासारखी मोडतात. विदर्भातल्या जंगलांत मोहफुलं वेचणं सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात, आणि वारा सुटला की त्याचाच वणवा होतो. समजा, अशा जंगलात जागोजागी सेन्सरच्या डब्या बांधल्या. प्रत्येकीत तापमान आणि आर्द्रता मोजणारी चिप, एक रेडिओ आणि दोन पेन्सिल सेल. सेल बदलायला कोण जाणार, आणि किती वेळा?

अशा डब्यांत खूप वापरली गेलेली सीसी२४२० ही रेडिओ चिप संदेश पाठवताना सुमारे १७ मिलिअँपिअर विद्युतप्रवाह घेते, आणि नुसती कान देऊन बसली तरी जवळपास १९. ऐकणं बोलण्याहून महाग! रेडिओ सतत ऐकत राहिला, तर २५०० मिलिअँपिअर-तासांचे सेल साडेपाच दिवसांत संपतात. तोच रेडिओ फक्त एक टक्का वेळ जागा ठेवला, तर त्याच्यापुरते सेल दीड वर्ष पुरतात.

पण जागं होऊन बोलायचं काय? मला या विषयातली सगळ्यात सुंदर कल्पना इथे दिसते. सगळ्या डब्यांचे निरोप जिथे पोचतात त्या केंद्राला तापमानाचे आकडे नकोत, आग लागली का एवढंच हवंय. म्हणून डबीनं आधी स्वतःच हिशेब करावा: आग असताना अशी नोंद मिळण्याची शक्यता, आग नसतानाच्या शक्यतेच्या किती पट? मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांपर्यंत जातोच, त्यामुळे नुसत्या ४५ मध्ये विशेष काही नाही. दोन मिनिटांत तो दहा अंशांनी चढला आणि हवा एकदम कोरडी पडली, तर मात्र हे गुणोत्तर भडकतं. बोलायचं ते तेव्हाच. रागो, विलेट आणि बार-शालोम या संशोधकांनी १९९६ साली गणितानं दाखवलं, की घटना क्वचितच घडणारी असेल आणि थोडकेच संदेश पाठवायची मुभा असेल, तर गुणोत्तर ठरावीक मर्यादेच्या वर गेल्यावरच संदेश पाठवणं योग्य. बाकी वेळ गप्प. केंद्र त्या गप्प राहण्याचाही अर्थ लावतं: तिथे ठीक आहे.

अडचण एकच, सेल संपलेली डबीही गप्पच असते. त्यासाठी दिवसातून एकदा ‘मी आहे’ एवढा छोटा निरोप हवाच.

शिवाय जमिनीलगत अंतर दुप्पट झालं की सोळापट शक्ती लागू शकते. म्हणून निरोप डबीकडून डबीकडे सरकवतात. मग केंद्राजवळच्या डब्या सगळ्यांचे निरोप वाहून आधी संपतात. मोठे सेल द्यायचे ते त्यांना.