आरएनए क्रमवाचनातली आम्लाची शिडी

रॉबर्ट हॉली यांच्या गटाने १९६५ मध्ये यीस्टच्या ॲलनिन टी-आरएनएचा क्रम लावला, तो विकरांनी (एन्झाइमांनी) तुकडे पाडून. पण विकरांना आवडनिवड असते. टी१ हे विकर आरएनएच्या ए, सी, जी, यू या चार अक्षरांपैकी फक्त जीपाशी कापतं. प्रत्येक बंधावर कापून एकेका अक्षराने लांब होत जाणाऱ्या तुकड्यांची शिडी हवी असेल तर रसायनाकडेच वळावं लागतं. १९७७ मध्ये तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलवर आरएनए वाचताना अल्कात (अल्कलीत) अर्धवट तोडलेला नमुना शेजारी मोजपट्टी म्हणून धावू लागला.

जेलला अल्क चालतो, वस्तुमान मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरला त्याचा जाच होतो. अल्कातला सोडियम आरएनएच्या फॉस्फेटला चिकटला की दर अणूमागे वस्तुमान सुमारे २२ डाल्टनने (डाल्टन हे रेणूंच्या वस्तुमानाचं एकक) सरकतं. शिवाय अल्कातल्या तुकड्यांच्या टोकाशी काही ठिकाणी चक्रीय फॉस्फेट उरतं, काही ठिकाणी उघडं. फरक १८ डाल्टनचा, म्हणजे एकाच पायरीची दोन शिखरं. आम्लानेही छेद आरएनएतल्या रायबोज साखरेच्या दुसऱ्या कार्बनवरच्या हायड्रॉक्सिलमुळेच होतो, पण फॉर्मिक आम्ल निर्वातात उडून जातं, मागे क्षार ठेवत नाही. २००९ मध्ये आम्ल आणि माल्डी (लेझर वापरणारी मास स्पेक्ट्रोमेट्री) यांच्या जोडीने एकपदरी व दुपदरी छोटे आरएनए वाचले गेले. २०१५ नंतर तुकडे वेगळे करणाऱ्या द्रव-क्रोमॅटोग्राफीतून बाहेर पडायला लागणारा वेळ आणि वस्तुमान एकत्र मांडून दोन्ही टोकांच्या शिड्या वेगळ्या करता आल्या.

खरी कसोटी थांबण्याची. २० न्यूक्लिओटाइडांत १९ बंध. रेणूमागे सरासरी एकच छेद धरला तरी ३७ टक्के रेणू अखंड राहतात, ३७ टक्क्यांवर एक छेद बसतो आणि २६ टक्क्यांवर दोन किंवा जास्त. या शेवटच्यांतून निघणाऱ्या मधल्या तुकड्यांना मूळ टोकच नसतं. ते नुसता गोंधळ वाढवतात. साखळी लांब असेल तर वेळ आणखी कमी. म्हणून २०१९ च्या पद्धतीत नमुन्याचे तीन भाग करून ५० टक्के फॉर्मिक आम्लात ४० अंश सेल्सियसला २, ५ आणि १५ मिनिटं ठेवतात, लगेच ड्राय आइसवर गोठवतात आणि तसेच गोठलेले सुकवतात. गोठवायला उशीर झाला की छेद चालूच राहतात.

पायऱ्यांतला डाल्टनमधला फरक अक्षर सांगतो: सी ३०५.०४, यू ३०६.०३, ए ३२९.०५, जी ३४५.०५. सी आणि यू यांत एक डाल्टनही नाही, त्यामुळे कमी विभेदनाचं यंत्र इथे हमखास फसतं. दुसऱ्या कार्बनवर मिथाइल असेल तिथे छेदच होत नाही. एक पायरी गळते आणि दोन अक्षरांचं वस्तुमान एकदम दिसतं. स्यूडोयुरिडिन या यूच्या बदललेल्या रूपाचं वजन तर हुबेहूब यूइतकंच. त्याला आधी सीएमसीसारखं अभिकर्मक चिकटवून जड केल्याशिवाय शिडीत ते ओळखू येत नाही.