ओंडक्यावरचा पिवळा थर अळंबी नव्हे

"पावसाळ्यात कुजक्या ओंडक्यावर दिसणारा पिवळा चिकट थर म्हणजे अळंबीचाच एक प्रकार," असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. असं वाटणं स्वाभाविक आहे. दोन्ही ओलाव्यात वाढतात, दोन्ही बीजाणू सोडतात आणि जुन्या वर्गीकरणात शास्त्रज्ञांनीही हा थर बुरशीतच धरला होता. या थराला इंग्रजीत 'स्लाइम मोल्ड' म्हणतात, त्यातला 'मोल्ड' म्हणजेसुद्धा बुरशीच.

पण पोट भरण्याची रीत पाहा. अळंबी हे बुरशीचं जणू फळ. त्या बुरशीचे तंतू लाकडात शिरून पाचकरस सोडतात आणि विरघळलेलं अन्न शोषून घेतात. स्लाइम मोल्ड मात्र अमीबासारखं जिवाणूंना वेढून गिळतं. तो अख्खा थर म्हणजे असंख्य केंद्रकं असलेली एकच पेशी, आणि ती सरपटते! मला याचं अजूनही नवल वाटतं.

पडताळायचं असेल तर थराच्या कडेला काडी टोचून फोटो काढा आणि काही तासांनी पुन्हा बघा. कड बहुधा सरकलेली दिसेल. अळंबी जागची हलत नाही, तिच्या बुडाशी सहसा पांढरे तंतू सापडतात. थर सुकून आत भुकटी झाली असेल, तर त्याचं सरपटणं संपलेलं असतं. तेव्हा ओला, ताजा थर शोधा.