परदेशी माल पाठवण्यापूर्वी आम्ही विचारत असलेल्या प्रश्नांबाबत
(आमच्या निर्यातदार ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा आणि जालना येथील ज्या कारखानदारांचा माल आमच्या कस्टम्स एजन्सीमार्फत न्हावा शेवा बंदरातून परदेशी जातो, त्यांच्याकडून आम्ही शिपिंग बिल (कस्टम्सकडे द्यायचे निर्यातीचे विवरणपत्र) दाखल करण्यापूर्वी मालाचा तांत्रिक तपशील, खरेदीदाराची माहिती आणि मालाचा अंतिम वापर लेखी मागतो. या चौकशीचा काही ग्राहकांना जाच वाटतो, याची आम्हाला कल्पना आहे. तथापि कायद्याने निर्यातीची मूळ जबाबदारी निर्यातदारावर टाकलेली असल्याने त्यामागचे कारण आपल्याला माहीत असणे आवश्यक आहे.

नागरी उपयोगाच्या, परंतु शस्त्रनिर्मितीतही कामी येऊ शकणाऱ्या वस्तू, रसायने, सॉफ्टवेअर आणि तंत्रज्ञान यांची भारताची यादी ‘स्कोमेट’ या नावाने ओळखली जाते. यादीतील मालाच्या निर्यातीसाठी सर्वसाधारणपणे विदेश व्यापार महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीएफटीचा, परवाना लागतो. मालाचे नाव यादीत दिसले नाही म्हणून निश्चिंत राहणे मात्र चुकीचे आहे, कारण बऱ्याच नोंदी नावावर नव्हे तर गुणधर्मांवर बेतलेल्या आहेत. रासायनिक कारखान्यात लागणाऱ्या व्हॉल्व्हचेच पाहा. रसायनाच्या संपर्कात येणारा सर्व पृष्ठभाग एसएस ३१६ या प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचा असेल, तर असा व्हॉल्व्ह सहसा यादीतील व्हॉल्व्हच्या नोंदीत बसत नाही; त्याच व्हॉल्व्हला आतून पीटीएफईचे (रसायनांना दाद न देणाऱ्या प्लास्टिकचे) अस्तर असेल आणि त्याचा नाममात्र व्यास १० मिलिमीटरपेक्षा अधिक असेल, तर तो नियंत्रित ठरू शकतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात आणि एचएस कोडही (कस्टम्सचा मालाच्या वर्गीकरणाचा क्रमांक) बहुधा एकच असतो. म्हणून इन्व्हॉइसवर ‘मशिनरी पार्ट्स’ एवढेच लिहून पाठवू नये. असे मोघम वर्णन आम्ही स्वीकारत नाही. ड्रॉइंग ई-मेलने पाठवणे हीदेखील तंत्रज्ञानाची निर्यात ठरू शकते.

यादीत नसलेला मालही अडू शकतो. सामूहिक संहाराच्या शस्त्रांसंबंधीच्या २००५ च्या कायद्यानुसार, माल अशा शस्त्रांसाठी वापरला जाणार असल्याचे निर्यातदाराला ठाऊक असेल, तर तो पाठवता येत नाही. त्यामुळेच खरेदीदार व्यापारी किंवा दलाल असल्यास माल शेवटी कोणाकडे जाणार, हे आम्ही आवर्जून विचारतो. नुकतीच स्थापन झालेली कंपनी, मालाशी न जुळणारा व्यवसाय, बसवणी आणि सर्व्हिसिंगबाबत अजिबात नसलेली उत्सुकता, किंवा ऐनवेळी बदललेले बंदर ही लक्षणे दिसल्यास ऑर्डर कितीही मोठी असली तरी थांबून खात्री करावी.

निर्बंधांचा विषय वेगळा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचे निर्बंध भारत पाळतो, तर अमेरिकेचे आणि युरोपीय संघाचे एकतर्फी निर्बंध हा भारतीय कायदा नव्हे. परंतु डॉलरमधील रक्कम सहसा अमेरिकी बँकेतून फिरून येते आणि तेथे खरेदीदाराचे नाव अमेरिकेच्या निर्बंधांच्या यादीत आढळले, तर माल पोहोचूनही पैसे अडकतात. अमेरिकी नियमानुसार, या निर्बंध-यादीतील व्यक्तींची मालकी ५० टक्के किंवा अधिक असलेल्या कंपनीलाही तेच निर्बंध लागू होतात, मग त्या कंपनीचे स्वतःचे नाव यादीत असो वा नसो. साध्या बॉल बेअरिंगचाही समावेश रशियाकडे वळवल्या जाऊ नयेत अशा वस्तूंच्या पाश्चात्त्य देशांच्या यादीत आहे, हे बेअरिंग पाठवणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

परवान्याविना नियंत्रित माल पाठवल्यास विदेश व्यापार कायद्याखाली किमान १०,००० रुपये आणि कमाल मालाच्या किमतीच्या पाचपट दंड होऊ शकतो. परवान्याचा अर्ज डीजीएफटीच्या पोर्टलवर करावा लागतो. त्यासोबत अंतिम वापरकर्त्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते आणि अनेक अर्ज आंतरमंत्रालयीन गटापुढे जात असल्याने निर्णयास वेळ लागतो. म्हणून खरेदीदाराला डिलिव्हरीची तारीख कळवण्याआधीच आमच्याकडे चौकशी करावी, तांत्रिक डेटाशीट सोबत जोडावे आणि स्कोमेट मालाची सर्व कागदपत्रे पाच वर्षे जपून ठेवावीत.