प्राण्यांसोबतचे तास आणि डॉक्टरांसोबतचे तास

ठाण्यातली बारावी सायन्सची मुलं आणि त्यांचे पालक हल्ली विचारतात, "व्हेटरिनरीला जायचंय, तर अनुभव कुठे घ्यायचा?" परळ, शिरवळ, परभणी, उदगीर यांपैकी कुठेही बीव्हीएस्सीला प्रवेश मिळतो तो नीटच्या गुणांवर. प्राण्यांच्या शेल्टरमध्ये किती रविवार घालवले, हे तिथे कुणी विचारत नाही. अनुभवाचे तास मोजले जातात परदेशात. अमेरिकेतल्या व्हेटरिनरी कॉलेजांच्या अर्जात तर त्यांचे दोन वेगळे रकाने आहेत, प्राण्यांचा अनुभव आणि पशुवैद्यकीय अनुभव, आणि घोळ तिथेच होतो.

प्राणी कोणता किंवा जागा कुठली, यावर काही ठरत नाही. देखरेख कोणाची, एवढंच बघायचं. वाशीच्या क्लिनिकमध्ये डॉक्टर टाके घालताना मांजर धरून ठेवलीत, तर तो पशुवैद्यकीय अनुभव. तबेल्यात शेण काढलंत, वैरण टाकलीत, धार काढायला शिकलात, तर तो प्राण्यांचा. मालकाचा जन्म म्हशींत गेलेला असला तरीही. शेल्टरमध्ये एकाच दिवसाचे दोन तुकडे पडतात. सकाळी पिंजरे धुतले ते एका रकान्यात. दुपारी डॉक्टरांच्या शेजारी उभं राहून नसबंदीची शस्त्रक्रिया पाहिली, भूल उतरणाऱ्या कुत्रीवर लक्ष ठेवलं, ते दुसऱ्या. तोच तास दोन्हीकडे लिहायचा नाही. येऊरच्या जंगलात सर्पमित्रांबरोबर फिरणं पशुवैद्यकीय ठरत नाही, आणि वनखात्याच्या परवानगीशिवाय तर ते करूच नये.

क्लिनिकमध्ये बहुतेक वेळ बघण्यात, धरण्यात आणि पुसण्यात जातो, आणि ते योग्यच आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ नुसार उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकाचा. पहिल्याच आठवड्यात कुणी तुमच्या हाती सिरिंज देत असेल, तर दुसरं क्लिनिक शोधा. आणि क्लिनिकमध्ये कामाला लागण्याआधीच रेबीजची लस घ्या, चावल्यावर बघू म्हणून थांबू नका.

महाराष्ट्रातच शिकणाऱ्यांना माझा सल्ला मात्र तबेल्याचाच, कुणी प्रमाणपत्र मागत नसलं तरी. इंटर्नशिपसकट साडेपाच वर्षांच्या या अभ्यासक्रमात गाय, म्हैस, शेळी, कोंबडी यांचा मोठा वाटा असतो, आणि घोडबंदरच्या टॉवरमधल्या मुलांनी जवळून पाहिलेला असतो फक्त लॅब्रेडोर. गाभण म्हशीजवळ कुठल्या बाजूने जायचं, धारेच्या वेळी लाथ कशी चुकवायची, हे प्रवेशाआधी कळलेलं बरं. शेणाचा वास सोसत नसेल, तर तेही.

परदेशी जाणाऱ्यांनी त्याच दिवशी वहीत तारीख, तास, काम आणि देखरेख करणाऱ्याचं नाव लिहावं. दोन वर्षांनी अर्ज भरताना ते आठवत नाही.