स्पर्धेतून परतल्यावर

गणेशोत्सवात इंदूरच्या मराठी मंडळांच्या फलकांवर टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत झळकलेल्या इथल्या मुलीच्या नावाआधी ‘सुप्रसिद्ध पार्श्वगायिका’ असं छापलं जातं. मग कोणीतरी विचारतंच, ‘कुठल्या सिनेमात गायलीये?’ या प्रश्नामागची परिस्थिती गेल्या तीसेक वर्षांत घडत आली आहे.

होळकरांचा दरबार, अमीर खाँसाहेबांची गायकी, १९२९ साली याच शहरात जन्मलेली स्वरसम्राज्ञी, हे इंदूरकरांना नव्याने सांगायला नको. १९९५ साली खासगी वाहिनीवर गाण्याची स्पर्धा सुरू झाली तेव्हा निकाल जाणकार परीक्षकांच्या हाती होता. १९९६ साली दूरदर्शनची स्पर्धा जिंकलेली शाळकरी मुलगी पुढे आघाडीची पार्श्वगायिका झाली. २००४ पासून मात्र एसएमएसने मतं मागायला सुरुवात झाली. मार्च २००५ मध्ये मुंबईचा एक मराठी तरुण अशाच मतांवर जिंकला आणि घरोघरी पोहोचला.

इंदूरच्या मराठी मुलीची इथेच अडचण होते. मराठी वाहिनीवर गायली तर बहुतेक मतदार महाराष्ट्रातले. हिंदी वाहिनीवर गायली तर अख्खं शहर पाठीशी, पण नाट्यगीत, अभंग मागे ठेवायचे.

आता ‘पार्श्वगायिका’ या शब्दाकडे येऊ, कारण खरा गुंता तिथे आहे. पूर्वी बहुतेक गाण्यांत वादक आणि गायक एकाच बैठकीत ध्वनिमुद्रण करत. ज्याला बोलावलं, त्याचाच आवाज सहसा तबकडीवर येई. वाद्यं आणि आवाज यांचे ट्रॅक, म्हणजे ध्वनिमुद्रणं, वेगवेगळे होऊ लागल्यावर ही पद्धत मोडली. संगीतकार चाल निर्मात्याला ऐकवण्यासाठी एखाद्या नव्या आवाजात गाणं करून घेतो. त्याला ‘डमी’ म्हणतात, कोणी ‘स्क्रॅच’. कधी तेच गाणं तीन-चार गळ्यांतून पूर्ण गाऊन घेतात आणि कोणाचा आवाज ठेवायचा ते अगदी शेवटी ठरतं. मुलगी रात्रीची अवंतिका एक्सप्रेस पकडून मुंबईला जाते, जीव ओतून गाते, परत येते. गाणं बाजारात आल्यावर तिला कळतं की आवाज दुसरीचा आहे. कधीकधी डमीच कायम राहते, म्हणून आशा सुटत नाही. अशी मुलगी पार्श्वगायिका आहे की नाही? माझ्या मते तिने ते काम केलेलं आहे, आणि तिला खोटारडी ठरवणं हा अन्याय आहे. तरीही फलकावर हा शब्द नको, कारण त्याचा जाब मंडळाला कोणी विचारत नाही, तिलाच विचारतात.

२०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने गायकांना गाण्याच्या व्यावसायिक वापरावर मानधनाचा वाटा दिला आणि २०१३ मध्ये तो वसूल करणारी गायकांची संस्थाही उभी राहिली. पण गाण्यात ज्याचा आवाज उरला त्यालाच तो वाटा. पुसल्या गेलेल्या डमीला काय मिळणार?

२००५ च्याच एका स्पर्धेत मुर्शिदाबादचा एक मुलगा अंतिम फेरीआधी बाद झाला. घराघरांत त्याचं नाव झालं २०१३ मध्ये. मधल्या वर्षांत तो संगीतकारांच्या हाताखाली गाण्यांची जुळवाजुळव करत होता. विजेत्यांना असा निवांत वेळ क्वचितच मिळतो. त्यांच्या कार्यक्रमांच्या सुपाऱ्या निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होतात: गणपती, नवरात्र, लग्नातलं संगीत, ट्रॅकवर, म्हणजे आधीच मुद्रित केलेल्या साथीवर, दोन-दोन तास, तीच स्पर्धेतली गाणी.

२०२० मध्ये टाळेबंदीत या सुपाऱ्या एकदम थांबल्या. तेव्हा अनेक गायिकांनी घरातच पेटी उघडली आणि मोबाइलसमोर बसून शिकवण्या घेतल्या. त्यातल्या काहींच्या शिकवण्या आजही सुरू आहेत.