डब्यावरच्या शिक्क्यापासून सेवेतील त्रुटीपर्यंत

तूप हातावर चोळून वास घ्यायचा, ज्वारीचा दाणा दाताखाली धरायचा, सोने कसोटीच्या दगडावर घासून पाहायचे : मालाची पारख फार काळ अशीच चालत आली. ओळखीच्या दुकानात ती पुरेशी होती. माल दूरच्या बाजारपेठांतून डबाबंद होऊन येऊ लागला, तेव्हा मात्र घेणाऱ्याचे नाक आणि विकणाऱ्याचा शब्द या दोहोंपलीकडे एखादे लिखित माप असणे अपरिहार्य झाले.

शेतमालाच्या प्रतवारीची गरज शाही कृषी आयोगाने 1928 च्या अहवालात मांडली होती. 1937 मध्ये कृषी उत्पन्नाच्या प्रतवारीचा आणि चिन्हांकनाचा कायदा झाला व त्यातून ‘अ‍ॅगमार्क’ हे चिन्ह आले. त्याची केंद्रीय प्रयोगशाळा नागपुरात आहे. तुपाचे उदाहरण येथे बोलके आहे. वनस्पती तूप साजूक तुपात मिसळले, तर ते नुसत्या डोळ्यांनी ओळखणे कठीण असते. म्हणून वनस्पती तूप तयार करतानाच त्यात तिळाचे तेल घालणे कायद्याने बंधनकारक करण्यात आले. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युराल यांच्या योगाने तिळाच्या तेलाला गुलाबी-लाल रंग येतो आणि भेसळ उघडी पडते. खोट्या मालाने स्वतःची ओळख स्वतःच सांगावी, ही या युक्तीमागची कल्पना मला आजही विलक्षण वाटते.

कारखान्यातील मालासाठी भारतीय मानक संस्था 6 जानेवारी 1947 रोजी, म्हणजे स्वातंत्र्याच्या काही महिने आधी, स्थापन झाली. तिच्या मानकांत पहिला क्रमांक राष्ट्रध्वजाचा आहे. प्रमाणन चिन्हांचा कायदा 1952 मध्ये झाला, पुढे ‘आयएसआय’ ही अक्षरे घराघरांत पोहोचली आणि 1987 मध्ये संस्थेची जागा भारतीय मानक ब्यूरोने घेतली. या चिन्हाचा अर्थ मात्र नेमका समजून घेतला पाहिजे. वस्तू ठरवून दिलेल्या किमान अटी पूर्ण करते, एवढेच ते सांगते. ती बाजारातील सर्वोत्तम वस्तू आहे, असा दावा ते करत नाही.

सेवेच्या बाबतीत मात्र ही सारी व्यवस्था अपुरी पडते. विमा, वीज, प्रवास किंवा उपचार यांचा नमुना बाटलीत भरून प्रयोगशाळेत पाठवता येत नाही. सेवा दिली जाते त्याच क्षणी ती वापरलीही जाते, त्यामुळे तिचा न्याय बहुधा मागाहूनच करावा लागतो. पुण्यात 1974 मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी सुरू केलेली ग्राहक पंचायत आणि पाठोपाठ 1975 मध्ये उभी राहिलेली मुंबई ग्राहक पंचायत यांनी ग्राहकाची बाजू संघटितपणे मांडली. 1986 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ‘सेवेतील त्रुटी’ची व्याख्या केली : कायद्याने किंवा कराराने अपेक्षित असलेल्या कामाच्या दर्जात, स्वरूपात किंवा पद्धतीत राहिलेला दोष, अपूर्णता, उणीव किंवा कमतरता. माझ्या मते या इतिहासातले सर्वांत मोठे वळण हेच आहे, कारण दर्जा ठरवण्याच्या कामात तक्रारदाराच्या अनुभवालाही येथे पुराव्याचे स्थान मिळाले.

व्याख्येची व्याप्ती न्यायालयांनी ठरवत नेली. सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्ये सरकारी प्राधिकरणांची घरबांधणी आणि 1995 मध्ये मोबदला घेऊन दिली जाणारी वैद्यकीय सेवा या कायद्याखाली आणली. डॉक्टरच्या कामाचा दर्जा मात्र रोगी बरा झाला की नाही यावरून ठरत नाही. त्या व्यवसायात अपेक्षित असलेले कौशल्य आणि वाजवी काळजी वापरली गेली की नाही, हे पाहिले जाते.

20 जुलै 2020 पासून लागू झालेल्या 2019 च्या कायद्याने जुनी व्याख्या कायम ठेवून तीत भर घातली. ग्राहकाचे नुकसान करणारा निष्काळजीपणा त्रुटीत स्पष्टपणे मोडू लागला, आणि त्याबरोबरच ग्राहकाला हवी असलेली संबंधित माहिती जाणूनबुजून दडवणेही.