डबल फ्री की यूज आफ्टर फ्री?

सी प्रोग्रॅम चालता चालता बंद पडला आणि टर्मिनलवर ‘फ्री(): डबल फ्री डिटेक्टेड इन टीकॅश २’ अशी ओळ आली, तर नशीब समजा. जीलिबसीने, म्हणजे लिनक्सवरच्या सी लायब्ररीने, स्वतःच दुखणं ओळखलंय. डोकं फिरतं ते नुसता सेगमेंटेशन फॉल्ट (चुकीच्या मेमरीला हात लावल्याचा क्रॅश) येतो तेव्हा. मग टीममधलं कोणी म्हणतं डबल फ्री, कोणी म्हणतं यूज आफ्टर फ्री.

व्याख्या सोप्या आहेत. मॅलॉकने मागून घेतलेला मेमरीचा एकच ब्लॉक दोनदा फ्री केला, म्हणजे परत दिला, की डबल फ्री. एकदाच फ्री केला, पण जुन्या पॉइंटरने (जवळ राहिलेल्या पत्त्याने) तिथे वाचलं-लिहिलं की यूज आफ्टर फ्री. सीडब्ल्यूई या सॉफ्टवेअरमधल्या कच्च्या दुव्यांच्या यादीतही दोघं शेजारी बसलेत, ४१५ आणि ४१६. घोळ होतो तो दोन फ्रींच्या मधल्या वेळात.

समजा, पी हा ६४ बाइटच्या ब्लॉकचा पॉइंटर. फ्री(पी) केलं की ब्लॉक त्या थ्रेडच्या टीकॅशमध्ये, म्हणजे मोकळ्या ब्लॉकच्या साठ्यात, जातो. टीकॅश शेवटी आलेला ब्लॉक सगळ्यात आधी देतो, म्हणून त्याच थ्रेडमध्ये कुणी लगेच ६४ बाइट मागितले तर तोच पत्ता मिळतो. त्याला क्यू म्हणू. मालक आता वेगळाच. अशात पुन्हा फ्री(पी) झालं तर जीलिबसी हूं की चूं करत नाही, कारण तिच्या लेखी वापरातला ब्लॉक रीतसर परत आलाय. २०१९ मधल्या २.२९ आवृत्तीपासून ती टीकॅशमधल्या मोकळ्या ब्लॉकवर डबल फ्री पकडायला एक खूण लिहून ठेवते खरी, पण ब्लॉक पुन्हा दिला की खूण पुसली जाते. क्यूवाला मात्र आपलीच समजून त्या मेमरीत लिहीत राहतो, आणि बॅकट्रेसमध्ये (क्रॅशच्या वेळी चालू असलेल्या फंक्शनांच्या यादीत) नाव त्याचंच येतं. चोर सोडून संन्याशाला फाशी.

उलटंही घडतं. मोकळ्या ब्लॉकमध्ये कुणी जुन्या पॉइंटरने लिहिलं आणि नेमकी ती खूण खोडली गेली, तर नंतरचा खराखुरा डबल फ्री तपासणीतून निसटतो.

म्हणून नुसत्या कोअर डंपवरून (क्रॅशच्या क्षणीच्या मेमरीच्या प्रतीवरून) वाद घालण्यापेक्षा अ‍ॅड्रेससॅनिटायझर हे मेमरीच्या चुका पकडणारं टूल लावून बिल्ड करा. तो फ्री झालेला ब्लॉक लगेच दुसऱ्याला देत नाही, क्वारंटाइनमध्ये अडवून ठेवतो. त्यामुळे पी आणि क्यू एका पत्त्यावर येत नाहीत, आणि कालपर्यंत यूज आफ्टर फ्री वाटणारा क्रॅश ‘अटेम्प्टिंग डबल-फ्री’ म्हणून उघडा पडतो. रिपोर्टमध्ये तीन स्टॅक, म्हणजे तीन बॅकट्रेस, असतात: आत्ताचा फ्री, आधीचा फ्री आणि मूळ मॅलॉक. मी आधी मधला वाचतो; दोनपैकी कोणता फ्री आगाऊ आहे ते बहुधा तिथेच कळतं. मेमरी झपाट्याने फिरवणाऱ्या सर्व्हरवर मात्र क्वारंटाइनचा आकार वाढवावा लागतो, नाहीतर ब्लॉक लवकर बाहेर पडतो आणि पुन्हा तोच घोळ.

फ्रीनंतर पॉइंटर नल (रिकामा) करायची सवय चांगली, कारण फ्री(नल) काहीच करत नाही. पण दुसऱ्या स्ट्रक्टमध्ये त्याच पत्त्याची प्रत पडलेली असेल, तर तिला या नलचा पत्ताच नसतो.

आणि कोडमध्ये फक्त फ्री शोधत ग्रेप (मजकूर शोधणारी कमांड) मारू नका. २०१९ मध्ये अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये जीआयएफ वाचताना होणारा डबल फ्री सापडला होता (सुरक्षा त्रुटींच्या यादीत सीव्हीई-२०१९-११९३२). तिथे आकार शून्य आला की रिअलॉकच (ब्लॉकचा आकार बदलणारं फंक्शन) फ्रीचं काम करत होता. जुना पॉइंटर तसाच राहिला, आणि पुढच्या फ्रेमचाही आकार शून्य आला की तोच ब्लॉक पुन्हा फ्री. सी भाषेच्या सी२३ या मानकाने तर शून्य आकाराचा रिअलॉक अनडिफाइंड बिहेवियर, म्हणजे काय होईल याची हमी नसलेला, ठरवलाय. तेव्हा ग्रेपमध्ये रिअलॉकही घ्या.